दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) पुष्पचित्रांच्या फ्रेम केलेल्या प्रती विकत घेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील नव्या घराच्या दिवाणखान्यात आपल्याला माने, मॉने आणि रन्वार या फ्रेंच चित्रकारांच्या फुलांच्या स्थिरचित्रांच्या तीन प्रती एका ओळीत लावायच्या आहेत. विक्रेता ‘म्युझियम क्वालिटी जिक्ले, लिमिटेड एडिशन, सोनेरी फ्रेम’ असे सांगून भारी किंमत मागतो आहे. ती किंमत रास्त आहे का, कॅनव्हास घ्यावा की कागद, आणि आपल्या पावसाळ्यात या प्रती टिकतील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. चित्रांच्या प्रती छापून घेण्याचे आणि त्या फ्रेम करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: आपला पैसा मूळ चित्राशी असलेल्या इमानावर आणि कागदाला प्रत्यक्ष चिकटून राहणाऱ्या वस्तूंवर खर्च व्हावा. आवृत्तीचा क्रमांक, प्रमाणपत्र आणि फ्रेमची नक्षीदार पट्टी यांसाठी जादा पैसे मोजू नयेत.

‘लिमिटेड एडिशन’ हा शब्द या चित्रांच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक आहे. एद्वार माने १८८३ मध्ये, ओग्यूस्त रन्वार १९१९ मध्ये आणि क्लोद मॉने १९२६ मध्ये निवर्तले. भारतात चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे ही चित्रे केव्हाच सर्वांसाठी खुली झालेली आहेत आणि त्यांच्या प्रती कोणीही, कितीही छापू शकतो. प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘९५ पैकी १२’ असे लिहिलेले असेल, तर त्या एका छापखान्याने त्या एका आकाराच्या तेवढ्याच प्रती छापण्याचे कबूल केले आहे, इतकाच त्याचा अर्थ. शेजारचा छापखाना तेच चित्र उद्या हजारांनी छापू शकतो. सोबतचे प्रमाणपत्रही प्रत त्या छापखान्यातून निघाली एवढेच सांगते. अशा प्रतीला पुढे पुनर्विक्रीची किंमत येईल, या आशेवर एक रुपयाही जास्त देऊ नये. माने आणि रन्वार यांनी स्वतः केलेली मुद्राचित्रे अर्थातच अस्तित्वात आहेत आणि ती मौल्यवान आहेत, पण तो बाजार निराळा. साध्या ऑफसेट (यंत्रावर हजारांनी छापलेल्या) पोस्टरला ‘लिथोग्राफ’ (शिळाछाप) म्हणून विकण्याची चाल मात्र आढळते, तिच्यापासून सावध राहावे.

‘जिक्ले’ हा शब्द १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅश एडिशन्स या छापखान्यात जॅक डुगान यांनी रूढ केला, तो आयरिस नावाच्या तेव्हाच्या अत्यंत महागड्या इंकजेट यंत्रावर काढलेल्या प्रतींसाठी. आता कोणत्याही इंकजेट छपाईला हे नाव सर्रास लावले जाते, त्यामुळे त्यावरून दर्जा ठरत नाही. विचारण्याचा प्रश्न एकच आहे: शाई पिगमेंटची आहे की डायची? पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म घन कण असतात आणि ते प्रकाशाला पुष्कळ काळ दाद देत नाहीत. डाय शाई पाण्यात विरघळणारी असते, सुरुवातीला फार तजेलदार दिसते, पण उजेडात लवकर फिकी पडते आणि दमट हवेत कडांना पसरते. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल, तर दहा पट मोठे दाखवणारे छोटे भिंग घेऊन प्रतीतील एखादी करडी किंवा फिकट गुलाबी जागा पाहावी. ऑफसेट छपाईत निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके ठरावीक अंतराने, नियमित गोलाकार नक्षीत बसलेले दिसतात. चांगल्या इंकजेट प्रतीत अतिशय बारीक आणि अनियमित तुषार दिसतात. ऑफसेट पोस्टर वाईट असते असे नाही. संग्रहालयांच्या दुकानांत मिळणारी काही ऑफसेट पोस्टरे रंगाच्या दृष्टीने उत्तम असतात, फक्त त्यांची किंमत पोस्टरचीच असली पाहिजे.

शाईपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत कोणत्या छायाचित्रावरून काढली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये आणि क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये आपल्या संग्रहातील हक्कमुक्त कलाकृतींची चांगली छायाचित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीचे धोरणही असेच आहे. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारावा की, हे चित्र कोणत्या संग्रहालयात आहे आणि फाइल कुठून घेतली. ज्याला चित्राचे घरच ठाऊक नाही, त्याच्याकडून प्रत घेऊ नये, हा माझा पक्का नियम आहे. दुसरा प्रश्न फाइलच्या आकाराचा. ५० × ४० सेंटिमीटरची प्रत ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापायची तर सुमारे ५,९०० × ४,७०० पिक्सेल लागतात. मॅट कागदावर २०० डीपीआयपर्यंत उतरले तरी चालते, त्याखाली मात्र कुंचल्याचे फटकारे मऊ, पुसट होतात आणि या शैलीच्या चित्रात फटकाराच गेला तर फारसे काही उरत नाही.

रंग जुळतात की नाही हे कसे पाहावे, ते मानेच्या एका चित्रावरून दाखवतो. आयुष्याच्या शेवटच्या काळात, १८८२ आणि १८८३ मध्ये, आजारपणामुळे मोठ्या कॅनव्हासपुढे उभे राहणे अशक्य झाले तेव्हा मानेने भेटीला येणाऱ्यांनी आणलेल्या फुलांची छोटी छोटी चित्रे रंगवली. अशी सोळाच्या आसपास चित्रे आहेत आणि माझ्या मते त्या शतकातल्या पुष्पचित्रांत त्यांच्या तोडीचे फार थोडे आहे. त्यांपैकी एक, स्फटिकाच्या फुलदाणीतील फुले, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. या मालिकेच्या प्रतीत फुलांकडे नंतर पाहावे, आधी फुलदाणीतील पाण्याकडे पाहावे. काचेच्या आत देठ दिसतात ते हिरवट करड्या रंगाच्या मोजक्या, तुटक फटकाऱ्यांनी, आणि काचेची चमक दोन-चार पांढऱ्या ठिपक्यांनी. चांगल्या प्रतीत पांढऱ्याचे निदान चार प्रकार वेगळे ओळखू येतात: काचेवरची झळाळी, टेबलावरच्या कापडाचा निळसर पांढरा, पाकळीचा ऊबदार पांढरा आणि पार्श्वभूमीचा करडा. वाईट प्रतीत कोणीतरी संगणकावर उजळपणा वाढवलेला असतो, हे चारही पांढरे एकच होऊन जातात आणि देठ हिरव्या तारांसारखे दिसू लागतात. मोबाईलवर संग्रहालयाचे छायाचित्र उघडून शेजारी प्रत धरली की ही तपासणी दोन मिनिटांत होते.

‘मूळचे चमकदार रंग पुन्हा आणले आहेत’ असा दावा केलेल्या प्रतींबद्दल इथेच सांगतो. काही चित्रांतील रंग खरोखरच उडालेले आहेत. शिकागोच्या संग्रहालयातील रन्वारच्या मादाम क्लापिसाँ यांच्या १८८३ मधील व्यक्तिचित्राची पार्श्वभूमी आज थंड निळसर दिसते, पण चौकटीखाली झाकल्या गेलेल्या कडेवर मूळचा तेजस्वी लाल रंग शिल्लक सापडला. कोचिनील नावाच्या किड्यापासून केलेला तो लाल उजेडाने विरला होता. दृक्प्रत्ययवाद्यांच्या पुढच्या पिढीतील व्हॅन गॉखचे १८९० मधील गुलाब आज पांढरे वाटतात, ते मुळात गुलाबी होते. परंतु ही संशोधकांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेली एकेका चित्राची गोष्ट आहे. प्रती छापणाऱ्याने अंदाजाने लाल आणि पिवळा वाढवणे म्हणजे संशोधन नव्हे. चित्र आज संग्रहालयात जसे दिसते, तशीच प्रत मागावी.

आता आकार आणि काटछाट, ज्यांत आपल्या बेताचा खरा प्रश्न दडलेला आहे. तीन चित्रांच्या तीन सारख्या फ्रेम हव्यात असे आपण लिहिले आहे. मानेचे वर सांगितलेले चित्र जेमतेम ३३ × २५ सेंटिमीटरचे, म्हणजे मासिकाच्या पानाएवढे आहे. मॉनेचा १८८१ मधील सूर्यफुलांचा गुच्छ, जो मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, १०१ × ८१ सेंटिमीटरचा आहे. रन्वारची शिकागोतील शेवंतीची फुले साधारण ५५ × ६६ सेंटिमीटरच्या आडव्या कॅनव्हासवर आहेत. एक लहान उभे, एक मोठे उभे आणि एक आडवे अशी ही तीन चित्रे एकाच १६ × २० इंची साच्यात कोंबायची तर कुठे ना कुठे कात्री लागणारच. मॉनेचे चित्र ५:४ या प्रमाणाच्या इतके जवळ आहे की त्या साच्यात ते जवळजवळ अखंड बसते. रन्वारचे आडवे चित्र उभे करता येत नाही, म्हणून बाजूची फुले कापली जातात. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील मानेचे कार्नेशन आणि क्लेमॅटिसचे चित्र, जे ५६ × ३५.५ सेंटिमीटरचे, उंच आणि अरुंद आहे, ते ५:४ मध्ये बसवले तर उंचीचा सुमारे पाचवा भाग जातो. जातो तो नेमका गुच्छावरचा आणि फुलदाणीखालचा मोकळा भाग, जो ‘रिकामा’ समजून कापला जातो आणि ज्याच्यामुळे चित्राला श्वास मिळालेला असतो. फ्रेमचा आकार चित्राने ठरवावा. प्रत पाहताना चित्रकाराची सही आणि चारही कडा संग्रहालयाच्या छायाचित्राशी ताडून पाहाव्यात.

मोठे करण्याचा मोहही आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन. मानेची ही चित्रे हातभर अंतरावरून पाहण्यासाठी आहेत. ३३ सेंटिमीटरचे चित्र ९० सेंटिमीटरचे केले की एकेक फटकारा जवळजवळ तिप्पट रुंद होतो आणि मनगटाच्या हलक्या झटक्याने उमटलेली पाकळी ढोबळ दिसू लागते. ही प्रत मूळ आकारातच घ्यावी, तिच्याभोवती तीन बाजूंना नऊ आणि खाली अकरा सेंटिमीटरचे माउंट (प्रतीभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) ठेवावे, म्हणजे ५३ × ४३ सेंटिमीटरचा भारदस्त आकार मिळतो आणि चित्रही खोटे होत नाही. मोठे चित्र लहान करणे त्यामानाने कमी नुकसानीचे असते. मॉनेचा गुच्छ निम्म्या आकारात, म्हणजे ५० × ४० मध्ये, घरात फार सुंदर दिसतो.

कॅनव्हास की कागद, याचे माझे उत्तर या चित्रांपुरते कागद असे आहे. मूळ चित्र कॅनव्हासवर आहे म्हणून प्रतही कॅनव्हासवर हवी, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात छापील कॅनव्हासची वीण सगळीकडे सारखी दिसते आणि रंगाच्या थराची उंचसखलता तिच्यात नसते, त्यामुळे छायाचित्रातील रंगाचा थर आणि खऱ्या कापडाची वीण एकमेकांत गोंधळ घालतात. त्यावर कुंचल्याने पारदर्शक जेल फासून ‘हाताने रंगवल्याचा’ आभास केलेल्या प्रती तर मी कोणालाच सुचवत नाही, कारण जेलचे फटकारे छापणाऱ्याच्या हाताचे असतात आणि ते मानेच्या फटकाऱ्यांवरून आडवेतिडवे जातात. शिवाय काचेविना टांगलेला सुती कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो आणि धूळ धरतो. याउलट जाड, मॅट, शंभर टक्के सुती कागदावर, दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाच्या, रंग शांत आणि खोल बसतात. मॉने आणि त्याचा सहकारी चित्रकार पिसारो यांना आपल्या चित्रांवर चकचकीत वार्निश नको असे, हे ध्यानात घेतले तर मॅट कागद त्यांच्या मनाच्या अधिक जवळचा आहे. कागद घेताना तो आम्लमुक्त आहे का आणि त्यात पांढरेपणा वाढवणारी चमकद्रव्ये घातली आहेत का, हे विचारावे. ती द्रव्ये काही वर्षांत निकामी होतात आणि कागद पिवळट दिसू लागतो.

‘शंभर वर्षे टिकेल’ या वाक्यामागे सहसा प्रयोगशाळेतील चाचणी असते. या क्षेत्रातील प्रसिद्ध विल्हेम इमेजिंग रिसर्च ही संस्था अशा चाचण्यांत काचेमागची प्रत, दिवसाला बारा तास ४५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड, असे गृहीत धरते. खिडकीलगतच्या भिंतीवर यापेक्षा कितीतरी जास्त उजेड पडतो, आणि संग्रहालये कागदावरील कलाकृतींना ५० लक्सच्या आसपास ठेवतात. दुपारचे ऊन थेट येणारी भिंत वगळली, तर चांगल्या पिगमेंट प्रतीच्या रंगांची आपल्याला काळजी नको.

आपल्याकडे प्रती उजेडापेक्षा जास्त फ्रेमच्या आतल्या गोष्टींनी खराब होतात. महाराष्ट्रातील अनेक घरांत राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातली, १८९४ मध्ये गिरगावात सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्यातली, चित्रे फ्रेममध्ये आहेत. ती मागून उघडली की बहुतेक वेळा कागदाला थेट टेकलेली लाकडी फळी दिसते, आणि फळ्यांच्या सांध्यांच्या रेषा तपकिरी डागांच्या रूपाने चित्रावर उतरलेल्या असतात. लाकडातले आम्ल कागदात झिरपल्याचा तो परिणाम. आजच्या फ्रेममध्ये फळीची जागा हार्डबोर्डने घेतली आहे, पण दोष तोच राहिला आहे. दुरुस्तीला येणाऱ्या फ्रेमच्या मागची टेप मी चिरतो तेव्हा साधारण एकच दृश्य दिसते: प्रत चारही बाजूंनी चिकटपट्टीने माउंटला जखडलेली, माउंटच्या तिरक्या कापाचा पांढरा गाभा तपकिरी झालेला, आणि कागदावर त्या कापाच्या कडेने तशीच तपकिरी रेघ.

चारही बाजूंनी जखडण्याचा दोष पावसाळ्यात उघड होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्याची आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. कागद ओल शोषून पसरतो, त्याला सरकायला जागा मिळत नाही आणि त्याच्या लाटा होतात. म्हणून प्रत फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगलेली असावी आणि बाकीच्या तीन कडा मोकळ्या असाव्यात. फ्रेमवाला ‘सपाट राहील’ म्हणून अख्खी प्रत फोमबोर्डवर (फोमच्या हलक्या फळीवर) चिकटवून देऊ लागला, तर नकार द्यावा, कारण ती पुन्हा सुटी करता येत नाही. माउंट आम्लमुक्त घ्यावे, हार्डबोर्ड आणि प्रत यांच्यामध्ये आम्लमुक्त बोर्डाचा थर मागावा, मागची बाजू कागदाने पूर्ण बंद करून घ्यावी, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराचे ठोकळे लावले की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते आणि बुरशीचा मोठा धोका टळतो. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर प्रती लावूच नयेत. आपले घर नवे आहे, आणि नव्या प्लास्टरमधली ओल पूर्ण जायला बरेच महिने लागतात, तेव्हा एक पावसाळा जाऊ देऊन मग लावल्या तर उत्तम.

काच आणि प्रत यांचा स्पर्श होता कामा नये. दमट हवेत छपाई काचेला चिकटली की सोडवताना रंग निघतो. माउंटची जाडी हे अंतर राखते, माउंट नको असेल तर कडेने बारीक पट्टी घालून घ्यावी. खरखरीत पृष्ठभागाची स्वस्त ‘नॉन-ग्लेअर’ काच मानेच्या पांढऱ्यांचे बारकावे पुसून टाकते, त्यापेक्षा साधी स्वच्छ काच बरी. प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे करणारी आणि अतिनील किरण अडवणारी लेपित काच महाग असते, पण एकाच फ्रेमवर जास्त खर्च करायचा असेल, तर तो पट्टीऐवजी या काचेवर करावा. कुरिअरने फ्रेम मागवणार असाल तर ॲक्रिलिक घ्यावे, मात्र ते कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात.

सोनेरी नक्षीदार फ्रेमला परंपरेचा आधार आहे असे विक्रेते सांगतात, तो अर्धाच खरा आहे. १८७७ मधील दृक्प्रत्ययवाद्यांच्या प्रदर्शनात चित्रकार एद्गार दगा आणि पिसारो यांनी आपली चित्रे पांढऱ्या चौकटींत लावली होती, कारण पांढऱ्यामुळे रंग मोकळे दिसतात. जुन्या फ्रेंच राजेशाही थाटाच्या सोनेरी चौकटी पुढे विक्रेत्यांनी आणि श्रीमंत संग्राहकांनी आणल्या. मोजक्या रुंदीची, खऱ्या लाकडाची, दुधाळ पांढरी किंवा मंद सोनेरी पट्टी फुलांना सगळ्यात जास्त मानवते. फायबरच्या चकचकीत पट्टीचे कोपरे वजनाने काही वर्षांत उघडतात.

आपल्या तीन चित्रांपुरते बोलायचे तर तिन्ही प्रती फ्रेमशिवाय घ्याव्यात आणि ठाण्यातच एखाद्या काळजीपूर्वक काम करणाऱ्या फ्रेमवाल्याकडून समोर बसून फ्रेम करून घ्याव्यात. मॉने ५० × ४०, रन्वार आडवा ४० × ४८, आणि माने मूळ ३३ × २५ असे छापून, माउंटच्या रुंदीत फरक करून तिन्ही फ्रेमची बाहेरची उंची ६५ सेंटिमीटरच्या आसपास सारखी ठेवता येईल. ओळ जुळेल आणि एकाही चित्राला कात्री लागणार नाही. मध्यभाग जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीबद्दल त्याच्याकडून बिलावर चित्राचे नाव, संग्रहालय, छपाईचा आकार, पिगमेंट शाई आणि कागदाचे नाव व वजन लिहून मागावे. हे सगळे तो लिहून देत असेल तर किमतीबद्दल बोलणी करता येतील, आणि ‘म्युझियम क्वालिटी’ एवढेच लिहायला तयार असेल तर ती प्रत पोस्टरच्या भावानेच घ्यावी.